ऑब्जेक्टिव्हिझमची नीती आणि रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑब्जेक्टिव्हिझम हे लेखिका आयन रँड हिचं तत्त्वज्ञान. तिच्या कादंबऱ्या वाचून कोणी भारावतं, कोणी चिडतं. दोघांच्याही मनात शेवटी एकच प्रश्न येतो: हे सगळं घरात, नोकरीत, नात्यागोत्यात कसं लावायचं? खालचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. रँडचं म्हणणं कोणतं आणि माझं मत कोणतं, हे जमेल तिथे वेगळं करून सांगितलं आहे, कारण सगळीकडे मला तिचं पटत नाही.

हे तत्त्वज्ञान थोडक्यात काय सांगतं?

रँड १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मली. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. बोल्शेविक सत्तेवर आल्यावर ते जप्त झालं आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरावर उपासमारीची वेळ आली. १९२६ मध्ये ती अमेरिकेत गेली, ती कायमचीच. एका माणसाने कष्टाने उभं केलेलं 'सगळ्यांच्या भल्यासाठी' काढून घेताना तिने लहान वयात पाहिलं होतं, आणि तिच्या लिखाणातली धग तिथून आली आहे.

नीतीबद्दलची तिची मुख्य मांडणी १९६१ मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या भाषणात आली. दगडाचं काही बरंवाईट होत नाही. बरंवाईट होतं ते जिवंत गोष्टीचं, कारण तिच्यापुढे जगणं किंवा मरणं असा पर्याय असतो. झाडाला मुळं कुठे पसरायची हे ठरवावं लागत नाही. माणसाला कसं जगायचं ते विचार करून ठरवावं लागतं. म्हणून स्वतःचं आयुष्य हे प्रत्येकाचं उद्दिष्ट आणि विवेक हे त्याचं साधन. तिने सात सद्गुण सांगितले: विवेकनिष्ठा, स्वतंत्र बाणा, सचोटी, प्रामाणिकपणा, न्याय, उत्पादक काम आणि स्वाभिमान. त्याग आणि आज्ञाधारकपणा त्यात नाहीत. आपल्याकडे मुलांच्या कौतुकात हेच दोन शब्द आधी येतात, म्हणून ही यादी पहिल्यांदा वाचताना दचकायला होतं.

मग मनाला येईल तसं वागायचं?

नाही. या समजुतीशी रँड आयुष्यभर भांडली. एखादी गोष्ट मला हवीशी वाटली म्हणून ती माझ्या हिताची होत नाही. हित शोधून काढावं लागतं आणि त्यासाठी आजच्या पलीकडे बघावं लागतं. 'द फाउंटनहेड' या १९४३ च्या कादंबरीतला पीटर कीटिंग वरवर अगदी आपमतलबी वाटतो. पण त्याला व्हायचं होतं चित्रकार, आईच्या आग्रहाखातर तो झाला आर्किटेक्ट. जिच्यावर जीव होता तिला सोडून त्याने चारचौघांत मिरवता येईल अशा बाईशी लग्न केलं. नाव, पैसा सगळं मिळवलं, आणि त्यातलं काहीच त्याला स्वतःला हवं होतं म्हणून मिळवलेलं नव्हतं. रँडच्या लेखी स्वतःचं आयुष्य दुसऱ्यांच्या नजरेला वाहून टाकलेला हा माणूस आहे.

'लोक काय म्हणतील' या धाकाने शाखा निवडलेली, लग्न ठरवलेली माणसं आपल्या ओळखीत कमी नाहीत. त्यांना कोणी स्वार्थी म्हणत नाही, उलट समंजस म्हणतात. ऑब्जेक्टिव्हिझम या समंजसपणाला नैतिक चूक मानतो, आणि मला वाटतं रँडचं मराठी वाचकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं म्हणणं हेच आहे.

पकडलं जाणार नसेल तर खोटं बोलायला काय हरकत? फायदा तर माझाच होतो.

आयटीतलं नेहमीचं उदाहरण घेऊ. मुलाला अनुभव नाही, म्हणून तो पैसे देऊन दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं प्रमाणपत्र मिळवतो. नोकरी लागते, पगार सुरू होतो, कोणाला पत्ता लागत नाही. मग चूक कुठे झाली?

रँडचं उत्तर असं की, त्या दिवसापासून त्याचा पगार त्याच्या कामापेक्षा इतरांच्या अज्ञानावर जास्त अवलंबून राहतो. आधीच्या कंपनीत कुठलं प्रोजेक्ट होतं, असं चहाच्या टेबलावर कोणी सहज विचारलं तरी याच्या पोटात गोळा येतो. हुशार सहकारी धोका वाटायला लागतो आणि चौकशी न करणारा मॅनेजर देवमाणूस. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्यापासून तो तोंड लपवतो. न आलेलं काम येत असल्याचं दाखवण्यात जी बुद्धी खर्च होते, ती काम शिकण्याला मिळत नाही. फसवून मिळवलेली गोष्ट मिळवलेलीच नसते असं ती म्हणते ते या अर्थाने. वस्तुस्थिती बदललेली नसते, फक्त ती झाकण्याची नोकरी जन्मभर मागे लागते.

मात्र हा नियम आंधळा नाही. घरात शिरलेल्या चोराने दागिने कुठे आहेत विचारलं तर खुशाल खोटं सांगावं. जो बळजबरी करतो त्याचा तुमच्या खरेपणावर काही हक्क राहत नाही.

आणि पाहुण्यांच्या भाजीला 'छान झालीये' म्हणणं? खारट झाली असेल तर तसं म्हणू नका. कौतुक करण्यासारखं दुसरं काहीतरी त्या ताटात नक्की असतं, ते शोधा.

त्याग वाईट कसा असेल? आईने मुलासाठी केलेलं काय ते?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रँडच्या व्याख्येत त्याग म्हणजे स्वतःला जास्त मोलाची असलेली गोष्ट कमी मोलाच्या गोष्टीसाठी देऊन टाकणं. मुलाला जेवायला मिळावं म्हणून आईने स्वतःसाठी टोपी घेतली नाही, तर तिला टोपीपेक्षा मूल प्यारं आहे, इतकंच. नवऱ्याने बायकोच्या आजारपणात सगळी पुंजी ओतली तर तोही त्याग नाही, कारण ती वाचणं हे त्याचं स्वतःचं सुख आहे. 'तुझ्यावर उपकार म्हणून हे कर्तव्य पार पाडतोय' असं नवरा म्हणाला, तर त्या बायकोला काय वाटेल?

मग आपल्याकडे त्यागाची खरी उदाहरणं कुठे दिसतात? मला पहिलं आठवतं ते बहिणीचं हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क मिळाला. तरीही वडील गेले की भाऊ कागद तयार ठेवतात. सगळे एका गाडीतून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात. दस्तात 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' असं आधीच टाईप केलेलं असतं. बहीण यंत्रावर अंगठा ठेवते, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, परतताना सगळे हॉटेलात जेवतात. तिला विचारलं तर ती सांगते, माहेर तुटायला नको.

रँडची कसोटी इथे फार नेमकी लागते. सही केली नाही तर भाऊबीजेचं बोलावणं येईल का? येईल असा भरवसा असेल, आणि भावाची ओढाताण बघून तिला मनापासून जमीन द्यावीशी वाटत असेल, तर ती भेट आहे आणि कोणी नाक मुरडायचं कारण नाही. पण बोलावणं सहीवरच अवलंबून असेल, तर ती लाखो रुपये मोजून ज्या प्रेमाचा हप्ता भरतेय ते प्रेम आहे का, हे तिने स्वतःला विचारलं पाहिजे. गप्प बसून दिलेल्या अशा संमतीवरच अन्याय करणारा टिकतो, हे रँडने 'अ‍ॅटलस श्रग्ड' या कादंबरीत रिअर्डन या कारखानदाराच्या गोष्टीतून दाखवलंय. घरचे त्याच्या जिवावर जगतात आणि त्यालाच अपराधी ठरवतात. तो ते मुकाट्याने सोसतो तोवरच त्यांचं चालतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भावाने वीस वर्षं शेत कसलं, विहीर खणली, आईची दुखणी काढली, आणि बहीण आज फक्त कागदावरचा हिस्सा मोजत असेल, तर तेही या नीतीत बसत नाही. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये आणि स्वतःसाठी दुसऱ्याचा घेऊ नये, ही अट दोन्ही बाजूंना आहे. त्याच्या कष्टांचा हिशोब करून वाटणी ठरवावी, आणि तो हिशोब तोंडावर बोलावा.

म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणं हे कर्तव्य नाही का?

कायद्याने आहे, २००७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ऐपत असलेल्या मुलांना आई-वडिलांच्या निर्वाहाची सोय करावी लागते. नीतीचा प्रश्न वेगळा आहे. रँडच्या चौकटीत मुलाची जबाबदारी आई-वडिलांवर येते कारण जन्म देण्याचा निर्णय त्यांचा असतो. मुलाने तसा कुठलाच करार केलेला नसतो, त्यामुळे केवळ जन्म दिला या नावावर कर्ज चढत नाही.

हे ऐकून लोक तिला निर्दय ठरवतात आणि पुढचं वाचत नाहीत. पुढचं असं: न्याय हा तिच्या सात सद्गुणांपैकी एक आहे, आणि न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याने कमावलेलं देणं. ज्यांनी तुम्हाला जीव लावून वाढवलं, तुमच्या निर्णयांचा मान राखला, त्यांनी तुमचं प्रेम कमावलेलं आहे. त्यांच्या उशाशी रात्र काढणं हे तुमच्याच आयुष्यातल्या मोठ्या मूल्याची काळजी घेणं आहे. त्यांना वाऱ्यावर सोडणारा मुलगा या नीतीने कृतघ्न ठरतो.

पण ज्या बापाने दारू पिऊन घर उद्ध्वस्त केलं, त्याच्या मुलीने चाळिशीत स्वतःचा संसार बाजूला ठेवून त्याची सेवा करायची का? 'शेवटी बाप आहे' हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. ती त्याच्या औषधपाण्याचा खर्च देऊन अंतर राखत असेल, तर तिला दोष देणाऱ्यांनी ती लहानपणी काय बघत होती ते आधी ऐकावं.

मित्राने, नातेवाइकाने उसने मागितले तर?

द्यायचे की नाही हे त्या माणसाकडे बघून ठरवा, नात्याच्या नावाकडे बघून नाही. आणि नाही म्हणायचं असेल तर कारणं रचत बसू नका.

मंडळाच्या वर्गणीचं काय?

उत्सव आवडतो, मंडळ चांगलं काम करतं, तर आनंदाने द्या. पावतीवरचा आकडा त्यांनी ठरवला आणि चार जण दारात छाती काढून उभे राहिले, तर ती वर्गणी राहत नाही. बळाची सुरुवात करणं हा रँडच्या लेखी समाजातला मूळ गुन्हा आहे, मग तो सरकारने केलेला असो की गल्लीतल्या पोरांनी. धोका पत्करून भांडायलाच हवं असं मात्र ती सांगत नाही. दबावाखाली दिलेल्या पैशाचा दोष घेणाऱ्याचा.

अनोळखी माणसाला मदत करणं चूक आहे?

अजिबात नाही. रँडने १९६४ च्या एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं की, माणूस मदतीला पात्र असेल आणि आपल्याला परवडत असेल तर मदत करण्यात काही गैर नाही. फक्त परोपकार हा मुख्य सद्गुण किंवा कर्तव्य नाही. १९६३ च्या एका लेखात तिने आणीबाणीचा वेगळा विचार केला आहे. पूर, आग, जहाज बुडणं अशा प्रसंगी अनोळखी माणसालाही वाचवावं, कारण माणसाच्या जिवाचं मोल आपण आपल्या जिवावरून जाणतो. धोका किती पत्करायचा हे ती व्यक्ती आपल्याला किती जवळची आहे त्यावर ठरतं.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, खाऊ घातलं. ऑब्जेक्टिव्हिझमला यात खटकण्यासारखं काही नाही. पाणी ओसरलं, माणसं घरी गेली. रँडचा आक्षेप असतो तो या आणीबाणीला नेहमीच्या जगण्याचा नियम करण्याला. शेजारी आजारी आहे आणि हाताशी पैसा नाही, तर जेवण द्या, औषध आणा, इमारतीत पैसे गोळा करा, असं ती म्हणते. जन्मभर पोसायला बांधील होऊ नका.

इथे मला तिचं अपुरं वाटतं. गरिबी आणि आजारपण यांना ती आणीबाणी मानत नाही, कारण ते सततचं आहे. पण सिग्नलवर गजरे विकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी ते तिच्या कुठल्याही निर्णयाचं फळ नाही. पात्रतेची भाषा मोठ्या माणसांना लागते, तिला कशी लावायची? रँडच्या लिखाणात मूल फारसं येतच नाही, आणि ही उणीव अशा जागी दिसते.

जात आणि सामाजिक बहिष्कार यांबद्दल ही नीती काय सांगते?

जातीबद्दल उत्तर सरळ आहे. रँडने १९६३ मध्ये वंशवादावर लिहिताना त्याला समूहवादाचं सगळ्यात रानटी रूप म्हटलं, कारण त्यात माणसाचं मोल त्याच्या पूर्वजांच्या रक्तावरून ठरतं. जातीचा अभिमान आणि जातीचा तिरस्कार, दोन्ही तिथेच संपतात. आपल्या जातीतल्या थोर पुरुषाचं श्रेय मिरवणाराही दुसऱ्याची कमाई स्वतःच्या नावावर लावत असतो. आंतरजातीय लग्नात आयुष्य त्या दोघांचं आहे, म्हणून शब्दही त्यांचाच शेवटचा.

बहिष्काराचं अवघड आहे. कोणी कोणाशी संबंध ठेवावा हे ज्याचं त्याने ठरवावं, ही रँडची भूमिका. अमेरिकेतल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी भेदभाव बंद केला ते तिला मान्य होतं, पण खासगी दुकानदाराला सक्ती करणं मान्य नव्हतं. ही भूमिका सरळ उचलली तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही चूक ठरेल. मला ते पटत नाही. जातपंचायत बसते, दंड ठोठावते, जो त्या कुटुंबाशी बोलेल त्यालाही दंड लावते. एकेका माणसाने आपापल्या मनाने संबंध तोडणं आणि हे, यात फरक आहे. इथे शेजाऱ्यालाही बोलायची मुभा उरत नाही. ही बळजबरीच आहे, आणि बळजबरी रोखणं हे रँडच्याच मते सरकारचं एकमेव काम आहे.

सरकारी मदतीला विरोध असताना शिष्यवृत्ती घ्यावी का?

यावर तिने १९६६ मध्ये लिहिलं. तुमच्याकडून कर सक्तीने घेतला जातो, तेव्हा शिष्यवृत्ती ही भरपाई समजून घ्यावी, मात्र त्या व्यवस्थेला असलेला विरोध लपवू नये. म्हातारपणी तिने स्वतः सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेतलं सरकारी निवृत्तिवेतन घेतलं. टीकाकार याला दुटप्पीपणा म्हणतात, तिचं लिखाण बघता तो आरोप टिकत नाही. अडचण उलट आहे. भरपाईचं तत्त्व मान्य केलं, तर ज्यांच्या कित्येक पिढ्यांना शाळेची आणि पाणवठ्याची बंदी होती त्यांच्या भरपाईचं काय? रँड वांशिक कोट्यांच्या विरोधात होती, कारण भरपाई देणारा आणि घेणारा दोघंही मूळ अन्यायातले नसतात. पण आपल्याकडे तो अन्याय आजोबांच्या काळात थांबलेला नाही. तो सोसलेली माणसं हयात आहेत.

आगरकरांनी गरिबी पत्करली, ती या नीतीने चूक का?

हा प्रश्न मला फार आवडतो. एम.ए. होत असताना आगरकरांनी आईला कळवलं की मुलाला मोठा पगार मिळेल ही आशा ठेवू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी बाकीचा वेळ परहितात घालवणार. शब्द परहिताचे आहेत, रँडला ते रुचले नसते. पण पुढचं आयुष्य बघा. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, पटेल तेच लिहिलं, टिळकांसारख्या मित्राशी तुटलं तरी मत सोडलं नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता ते गेले. स्वतःच्या बुद्धीला जे खरं वाटलं त्यापायी पगार, प्रतिष्ठा, मैत्री सगळं पणाला लावणारा माणूस, म्हणजे रँडच्या भाषेत सचोटी आणि स्वतंत्र बाणा. त्यांना ज्याचं मोल सर्वांत जास्त वाटत होतं ते त्यांनी कशासाठीही सोडलं नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर काहीही फॉरवर्ड होतं. प्रत्येक वेळी वाद घालायचा?

नाही. पण तुमचं गप्प राहणं होकार समजलं जाईल अशी वेळ असेल, तर 'मला हे मान्य नाही' एवढं लिहा. रँडचा सल्ला नेमका असाच होता.

रँड स्वतः या नीतीने वागली का?

काम, मतं आणि पैसा यांबाबत बऱ्याच अंशी. खासगी आयुष्यात तिथे मोठा तडा आहे. आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेला शिष्य नॅथॅनिएल ब्रँडन याच्याशी तिचे संबंध होते, दोघांच्या जोडीदारांना ते माहीत होते. १९६८ मध्ये ते तुटले तेव्हा तिने त्याला जाहीरपणे धिक्कारलं, खरं कारण मात्र वाचकांना सांगितलं नाही. त्याआधी त्यानेही तिच्यापासून बरंच लपवलं होतं. ज्या प्रामाणिकपणाचा तिने आग्रह धरला तो दोघांनीही पाळला नाही. समलैंगिकतेला ती अनैतिक म्हणाली, जरी त्याविरुद्धचे कायदे रद्द व्हावेत असंही तिचं मत होतं. पहिल्या विधानाला तिच्याच तर्कात आधार सापडत नाही.

तत्त्वज्ञ तिला गांभीर्याने का घेत नाहीत?

काहींनी घेतलंय. रॉबर्ट नोझिकने १९७१ मध्ये तिच्या युक्तिवादाची चिरफाड केली, आणि तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच समर्थक होता. मूल्यं फक्त सजीवांना असतात हे मान्य केलं, तरी त्यावरून प्रत्येकाने स्वतःचं आयुष्य सर्वोच्च मानावं हे कसं निघतं, असा त्याचा प्रश्न होता. माझ्या मते याला पुरतं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

मुलांना हे शिकवायचं कसं? खेळणी वाटून घ्यायला सांगायचं की नाही?

पाहुण्यांचा मुलगा येतो, आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या हातातली नवी गाडी मागतो, आणि आपण म्हणतो, 'दे बरं त्याला, शहाणी ना तू!' ती देते आणि कोपऱ्यात जाऊन रडते. यातून ती दोन गोष्टी शिकते: रडून मागणाऱ्याला मिळतं, आणि आपल्या वस्तूवर आपला शब्द चालत नाही. पुढच्या वेळी पाहुणे आले की ती गाडी लपवून ठेवते.

मुलांच्या शिक्षणात रँडला मॉन्टेसरी पद्धत आवडायची. तिथे मूल ज्या साहित्याशी खेळत असतं ते त्याचं होईपर्यंत कोणी ओढून घेत नाही. दुसरं मूल थांबतं. घरीही हे करता येतं. पाहुणे यायच्या आधी मुलीला विचारा, कुठली खेळणी बाहेर ठेवायची आणि कुठली कपाटात. गाडी कपाटात गेली तर जाऊ द्या. बाहेर ठेवलेल्या ठोकळ्यांशी दोघं मिळून खेळतील, आणि बऱ्याचदा तासाभराने तीच आत जाऊन गाडी घेऊन येते, त्याला चालवून दाखवायला.